वात सारणे

आमच्या घरी लाइट जायची, चूल विझायची, दिवा मात्र शांत व्हायचा. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा, तसंच हे. फुंकर मारलेली आजीला खपायची नाही. फुलाच्या देठानं ती वात हळूच तेलात ओढायची.

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला मारुती. गाभाऱ्यात नंदादीप, म्हणजे रात्रंदिवस तेवायचा तो. आरतीला सगळा मान निरांजनाचा! तुपात भिजलेली एवढीशी फुलवात, पाच मिनिटांची पाहुणी, पण सगळे तिच्यावरून हात फिरवून डोळ्यांना लावणार. कोपऱ्यातल्या नंदादीपाकडे कोण बघतंय?

शनिवारी तेवढा त्याचा भाव वधारायचा. कुणाचं शेंगतेल, कुणाचं तिळाचं, एकदा तर चक्क खोबरेल. समोरच्या घरातल्या अज्जी "दीपक्क एण्णि", म्हणजे दिव्याला तेल, असं कन्नडमध्ये म्हणत बाटली पुढं करायच्या, त्यांच्यामागं आमची आजी. गुरवमामा सगळं एकाच दिव्यात ओतायचे. ही चाल जुनीच. आमच्या भागातल्या जुन्या कन्नड शिलालेखांत देवळाच्या 'नंदादीविगे'साठी जमीन दिल्याच्या, घाण्यावरचं तेल लावून दिल्याच्या नोंदी सापडतात. घाण्याला कन्नडमध्ये म्हणतात 'गाण'. राजानं दिलेलं तेल दगडावर कोरलं गेलं, अज्जींचं फक्त गुरवमामांच्या लक्षात राहिलं.

मी सातवीत असेन. कार्तिकातला रविवार, काकडआरतीला सगळ्यांच्या आधी पोचलो. गुरवमामांनी कुलूप काढलं तर आत मिट्ट काळोख. बॅटरी मारून बघितलं. तेल संपलेलं नव्हतं, उलट अगदी काठोकाठ होतं. आदल्या दिवशीच्या भक्तीत वात पार बुडाली होती.

"मामा, विझला?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं. थोडं तेल वाटीत काढलं, वात पिळली, काजळी झाडली आणि खिशातून काडेपेटी काढली.

"वात सारालोय," म्हणाले.

भजनी मंडळी टाळ घेऊन आली तोवर ज्योत सरळ उभी होती. काकडा तिच्यावरच पेटला. मी कुणाला काही बोललो नाही. पुढं मात्र शनिवारी आजीनं बाटली हातात दिली की अर्धं तेल मी बाहेर पाराखालच्या पणतीत ओतून टाकायचो.