कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट बघायला जाताय? मग क्लिगा हेड चुकवू नका

चार दिवस इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला जाऊन आले. लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सची थेट ट्रेन आहे, पाच तास तरी धरा. आपण सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर वाढलेली माणसं, त्यामुळे लँड्स एंडला फेल्डस्पारचे (ग्रॅनाइटमधलं एक मुख्य खनिज) बोटाएवढे पांढरे स्फटिक असलेला ग्रॅनाइट बघितला आणि मी तिथंच बसले बराच वेळ.

पण खरी मजा क्लिगा हेड या समुद्रकड्यावर. पेरनपोर्थ गावाहून कोस्ट पाथनं चालत जायचं, कड्यात ग्रॅनाइटला चिरत गेलेल्या उभ्या शिरा दिसतात, एकीला लागून एक, आणि प्रत्येक शिरेच्या दोन्ही बाजूंना दगड करडा पडलेला. गरम पाणी भेगांमधून वर आलं, फेल्डस्पार खाऊन टाकला, त्या जागी क्वार्ट्झ आणि अभ्रक बसवलं आणि सोबत कथील नि टंगस्टन आणलं. म्हणजे आधी ग्रॅनाइट, मग पाणी, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. किती आधी ते मात्र लॅबमध्येच.

तिथं एक गंमत आहे. इथल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांमध्ये बऱ्याचदा जुन्या खडकातून आलेला गाभा असतो, त्यावरून वय काढलं तर फसायला होतं, म्हणून मोनाझाइट या दुसऱ्या खनिजातलं युरेनियम आणि त्याचं होत गेलेलं लेड (शिसं) मोजतात. त्यावरून कॉर्नवॉलमधल्याच कार्नमेनेलिस भागाचा ग्रॅनाइट सुमारे 29.3 कोटी वर्षांचा आणि लँड्स एंडचा 27.5 कोटींच्या आसपास, म्हणजे नकाशावर शेजारी दिसणारे हे दोघं एका वेळचे नाहीतच! दुसरी पद्धत अभ्रकात पोटॅशियमपासून साठत जाणारा आर्गॉन वायू मोजायची; तो मात्र दगड तापलेला असेपर्यंत निसटत राहतो, त्यामुळे ते वयाचं घड्याळ उशिरा सुरू होतं, आणि शिरेतलं अभ्रक तर पाण्यातूनच वाढलेलं, म्हणून त्याचं वय साधारण त्या पाण्याचं वय. मला हे वाचून माहीत होतं पण शिरेसमोर उभं राहिल्यावर पटलं.

क्लिगाला हातोडा अजिबात नेऊ नका, संरक्षित जागा आहे, दहापट भिंग पुरतं. जुन्या खाणींचे शाफ्ट (खोल उभे खड्डे) आहेत, कुंपण ओलांडू नका, कडाही ठिसूळ आहे. जोराचा वारा असेल तर त्या दिवशी सरळ पेंडीन गावची जीवर ही कथलाची खाण करा, 1990 ला बंद झाली, आता म्युझियम आहे, हेल्मेट घालून आत नेतात. सुट्टीचे वार आधी बघून घ्या. वेळ उरला तर सेंट ऑस्टेलजवळ व्हील मार्टिन या चिनी मातीच्या म्युझियमला जा, तिथं फेल्डस्पारची अख्खी चिनी माती झालेली दिसते.