ठाणे-नवी मुंबईत कॉट घेण्याआधी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत स्वस्तात चार रात्री काढायच्या असतील तर आधी कॉटचा भाव बघू नका, सकाळी किती वाजता कुठे पोचायचंय ते बघा. परीक्षेला, मुलाखतीला किंवा नोकरीच्या पहिल्या महिन्याला येणारी मुलं बऱ्याचदा उलटं करतात. अ‍ॅपवर सगळ्यात स्वस्त बेड शोधतात, पैसे भरून टाकतात आणि मग कळतं की स्टेशन दहा किलोमीटरवर आहे. समजा, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूचा बेड नौपाड्यातल्या बेडपेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाला. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे आहे. स्टेशनपर्यंतचे दहा-अकरा किलोमीटर म्हणजे एका वेळचे १७० ते १९० रुपये, आणि रात्री बारानंतर पाव पट जास्त. वाचवलेले दोनशे सकाळीच गेले, संध्याकाळी परतायचं भाडं वेगळंच. ठाणे महापालिकेची टीएमटी बस स्वस्त पडते, पण कापूरबावडी-माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये ती कधी निघेल ह्यावर परीक्षेच्या दिवशी विसंबू नये.

म्हणून पहिली चाळणी लोकलच्या लाइनची. ऐरोली, रबाळे, महापे, घणसोली ह्या पट्ट्यात काम असेल तर ठाणे-ट्रान्सहार्बरवर कुठेही राहा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तुर्भ्यानंतर लाइन फुटते. एक सानपाडा-वाशीला जाते, दुसरी जुईनगर-नेरूळवरून पनवेलला. त्यामुळे ठाण्याहून बेलापूरला जायचं असेल तर वाशी गाडीत बसू नका, इंडिकेटरवर ‘पनवेल’ बघून बसा; ‘नेरूळ’ गाडी नेरूळलाच संपते, तिथे गाडी बदलावी लागते. फोर्ट, सीएसएमटीकडे काम असेल तर हार्बर लाइनवरची (सीएसएमटी-पनवेल) वाशी, सानपाडा, नेरूळ बरी पडतात, गाडी बदलावी लागत नाही. दादरला जायचं असेल तर ठाण्याची फास्ट लोकल, परळला स्लो, कारण फास्ट तिथे थांबत नाही. आणि अंधेरी-सीप्झ असेल तर ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो. ट्रान्सहार्बरवर गाड्या हार्बरपेक्षा कमी आहेत, एक चुकली की थांबावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

रविवारचं वेगळं सांगायलाच हवं, कारण कितीतरी स्पर्धा परीक्षा रविवारीच असतात आणि दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवायचा मेगाब्लॉकही रविवारीच. हार्बर किंवा ट्रान्सहार्बरचा ब्लॉक साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ च्या आसपास असतो. सकाळच्या पेपरला अडचण नाही, पण दुपारच्या पेपरला जाताना किंवा पेपर संपवून संध्याकाळची गाडी पकडायला निघताना फटका बसतो. ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. शनिवारी रात्री ते बघून घ्या आणि ब्लॉक असेल तर बेड केंद्रापासून चालत किंवा रिक्षाने जाता येईल असाच घ्या. ह्या एका रात्रीसाठी दोन-तीनशे जास्त मोजले तरी चालतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चाळणी: तुम्ही उतरणार कुठे? कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याकडून येणाऱ्या गाड्या एक्स्प्रेसवे सोडून कळंबोलीत शिरतात आणि सायन-पनवेल हायवेने कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ, सानपाडा, वाशी अशा पुढे जातात. नाशिककडच्या गाड्या भिवंडी बायपासने माजिवड्याला येतात. कोकणातून रेल्वेने येत असाल तर नवी मुंबईसाठी पनवेललाच उतरा, ठाण्यापर्यंत जाऊन परत फिरू नका. रात्रीची ट्रॅव्हल्स पहाटे तीन-चारला हायवेवर सोडून देते. त्या वेळी लोकल नसते, ती चारच्या पुढे सुरू होते. आणि बहुतेक हॉस्टेलांचं चेक-इन दुपारी बारा किंवा दोनला. ह्या मधल्या आठ-दहा तासांचं काय, हे बुकिंग करतानाच विचारा. बेड नाही पण बॅग ठेवायला आणि आंघोळ करायला मिळेल, एवढं कबूल करून घेतलं तरी पुरतं.

नवी मुंबईच्या पत्त्यात नवखा माणूस हमखास फसतो. सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी, ऐरोलीसारख्या प्रत्येक भागाला, नव्याने सुरू होतात. सेक्टर ५ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, नेरूळमध्येही आहे. नुसतं ‘सेक्टर ५’ सांगून रिक्षात बसलात तर चुकीच्या सेक्टर ५ ला उतरायची पूर्ण शक्यता. पत्ता घेताना चार गोष्टी घ्या: नोडचं नाव, सेक्टर, प्लॉट नंबर आणि जवळची ठळक खूण. शिवाय स्टेशनची कुठली बाजू तेही विचारा. ठाण्यातही तेच: नौपाडा पश्चिमेला, कोपरी पूर्वेला, आणि चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर सामान घेऊन पुन्हा पूल चढावा लागतो. अ‍ॅपवरची पिन कधी कधी इमारतीवर नसून सेक्टरच्या मधोमध टाकलेली असते, तेव्हा लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या.

पैसे भरण्याआधी एक फोन कराच. पहिला प्रश्न: “दादा, लोकल आयडी चालेल का?” आधार कार्डावर मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबईचा पत्ता असेल तर अनेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. हा बहुतेक वेळा त्या जागेचा स्वतःचा नियम असतो आणि अ‍ॅपवर अटींच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. डोंबिवलीचा पत्ता असलेली, पण पहाटेच्या शिफ्टसाठी ऐरोलीत एक रात्र काढू पाहणारी मुलं ह्यात अडकतात. दुसरा प्रश्न वेळेचा: गेट रात्री किती वाजता बंद होतं, आणि उशीर झाला तर उघडणार कोण? तिसरा पाण्याचा. ठाण्यात दुरुस्तीसाठी पाण्याचं शटडाऊन होतं, नवी मुंबईतही होतं, त्यामुळे गच्चीवर टाकी किती मोठी आहे आणि पाणी चोवीस तास असतं का ते विचारा. उत्तर “येतं की” असं मोघम आलं तर सकाळी सहा ते नऊ नक्की असतं का, असं नेमकं विचारा. बुकिंगचे पैसे मागितले तर एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका, आणि जागा न बघता महिन्याचं डिपॉझिट तर मुळीच नाही.

ओळखपत्राची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त राहण्यासाठी’ असं लिहा आणि तारीख टाका. बिलावर जीएसटी लावला असेल तर दर तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर तो ५ टक्के आहे.

आता खोलीत शिरल्यावर. बॅग बेडवर टाकू नका, बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात किंवा खुर्चीवर ठेवा आणि आधी ढेकूण बघा. मोबाइलची टॉर्च लावून गादीचा कोपरा उचला. शिवणीच्या घडीत, पायपिंगच्या खाली, बॉलपेनने टिंब दिल्यासारखे काळे ठिपके असतील तर ओल्या टिश्यूने एक पुसून बघा. तपकिरी-लालसर पसरला तर ती ढेकणांची विष्ठा. फिकट पिवळट, पोकळ, तांदळाच्या कणीएवढी सालं दिसली तर ती त्यांची कात. मग गादीखालच्या प्लायवूडच्या कडा आणि फटी, आणि लोखंडी बंकच्या पाइपांची स्क्रूची भोकं, पोकळ टोकं. दिवसा ते तिथेच दडून बसतात. डोक्याकडची बाजू आधी बघा, कारण माणूस जिथे जास्त वेळ असतो त्याच्या जवळच ते राहतात. जागा चकाचक दिसते म्हणून निर्धास्त होऊ नका. ढेकूण सामानातून येतात, स्वच्छतेशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. सापडले तर बेड बदलून भागत नाही, खोली बदलून मागा, आणि तीही भिंतीला भिंत लागून नको. घरी गेल्यावर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

बंक शक्यतो खालचा घ्या. वरचाच मिळाला तर पंखा बघा. छताच्या पंख्याचं पातं आणि उठून बसलेल्या माणसाचा हात ह्यांत पुरेसं अंतर नसेल तर ती कॉट घेऊच नका, भिंतीवरचा पंखा असलेली मागा. कठडा गादीच्या वर निदान वीतभर तरी हवा. जाड गादी टाकली की कठडा तेवढा बुडतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

लॉकर असतो, पण कुलूप नसतं. स्वतःचं न्या. मोठं, जाड दांड्याचं कुलूप लॉकरच्या कडीत शिरत नाही, म्हणून पाच-सहा मिलिमीटर दांड्याचं मध्यम कुलूप बरं. बॅग लॉकरमध्ये मावत नसेल तर बंकच्या पायाला बांधायला सायकलची केबल. प्लग बऱ्याचदा डोक्याशी नसतो, दोन मीटरची एक्स्टेन्शन असू द्या, फक्त तिला चार्जर लावा. इलेक्ट्रिक किटलीला हॉस्टेलवाले नाही म्हणतात ते उगाच नाही. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेते, आणि भिंतीतला छोटा सॉकेट सहाचा असतो. दोघांनी एकाच सर्किटवर किटल्या लावल्या की वीज तोडणारा खटका (एमसीबी) पडू शकतो आणि खोलीची वीज जाते.

गरम पाण्याचंही गणित करून ठेवा. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर साध्या पाण्यापासून ६० अंशांवर यायला सतरा-अठरा मिनिटं घेतो. गार पाणी मिसळून त्यात जेमतेम दोन बादल्या होतात. आठ जणांना एक बाथरूम असेल तर सात ते साडेआठच्या गर्दीत चौथ्या-पाचव्याला थंड पाणीच. पेपर असेल त्या दिवशी साडेपाचला आंघोळ उरकून घ्या.

पावसाळ्यात आलात तर कपडे वाळवायची जागा बघा. बंद खोलीत टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, त्याला वास येतो. पातळ पंचा न्या, आणि जीन्सऐवजी लवकर वाळणारी पँट.

मुलींनी ‘लेडीज डॉर्म’ हे शब्द वाचून थांबू नये. बाथरूम त्याच मजल्यावर आणि फक्त मुलींसाठी आहे का, दाराला आतून कडी आहे का, किल्ली आणखी कुणाकडे असते, आणि रात्री काउंटरवर कोण असतं, हे विचारा. कॅमेरा जिन्यात आणि पॅसेजमध्ये असावा, खोलीत नाही. ताजे अभिप्राय आधी वाचा आणि त्यातही एकट्या आलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते शोधून वाचा.

महिनाभरापेक्षा जास्त राहायचं असेल तर हॉस्टेल सोडा, पीजी किंवा कॉट बेसिस (खोलीतली एक कॉट महिन्याच्या भाड्याने) बघा. घणसोली, कोपरखैरणे, तळवली, गोठिवलीच्या गावठाणात भाडी कमी असतात, पण इमारती एकमेकींना खेटून आणि गल्ली अरुंद. तिथे खिडकी उघडून समोर काय आहे ते बघाच: भिंत असेल तर दिवसाही दिवा लावावा लागेल. आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना किंवा गच्चीकडे जायची उघडी वाट आहे का तेही बघा, गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर ती वाट मोजू नका. वीज महावितरणची असते, पण मालक सबमीटर लावून स्वतःच्या दराने युनिट विकतो. दर लिहून घ्या आणि राहायला आल्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. डिपॉझिटच्या पावतीवर तुमचं नाव, कॉट नंबर, रक्कम, नोटिशीची मुदत आणि सोडताना कापायची रक्कम, हे पाचही लिहून घ्या. “काका, पावती द्याल ना?” एवढं विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे डिपॉझिट अडकायची भीती जास्त. माणशी भाडं महिना २०,००० रुपयांपर्यंत आणि राहणं सलग किमान ९० दिवस असेल तर जुलै २०२४ पासून त्यावर जीएसटी नाही. तरीही कुणी लावत असेल तर हा नियम दाखवा.

जेवणासाठी मेसच्या पैशांत लगेच अडकू नका. पहिले तीन-चार दिवस जवळच्या पोळीभाजी केंद्रातून आणून खा, मेसचा डबा दोनदा सुटा घेऊन बघा, मग महिना भरा. रविवारी रात्री मेस बंद असते का तेही विचारून ठेवा.

सोडायच्या दिवशी चेक-आउट दहा-अकराला आणि गाडी रात्री, असं असेल तर बॅग काउंटरवर ठेवता येते का आणि त्याचे पैसे लागतात का, हे आदल्या रात्रीच ठरवा. लॅपटॉप आणि मूळ कागदपत्रं त्या बॅगेत ठेवू नका, ती पाठीवरच्या सॅकमध्ये. लॉकरची किल्ली किंवा टॉवेलचं डिपॉझिट रोख दिलं असेल तर सकाळच्या घाईत सुटे नाहीत म्हणून अडकतं. ते रात्रीच मागा, किंवा यूपीआयवर परत करायला सांगा.