आमची वाटचाल : कुंपण, फट आणि काकूंची रेघ

आम्ही मुळात लाकडाचं कुंपण करणारी माणसं. दर दोन-तीन वर्षांनी खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, रंग द्यायचा, बुडाशी कुजलेल्या चार फळ्या बदलायच्या. या फेऱ्यांवरच आमचा धंदा चालायचा. काकू आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. एका वर्षी त्यांनी रंगाचा डबा उघडूच दिला नाही. म्हणाल्या, "माझ्याच्यानं हे दर वेळी होणार नाही आता. रंग न लागणारं काही असेल तर लाव, नाहीतर कुंपण काढून टाक."

तिथून आम्ही व्हिनाइलकडे, म्हणजे कठीण पीव्हीसीच्या कुंपणाकडे वळलो. आमचे दादा तेव्हा निम्म्याचे भागीदार. हाडाचे सुतार. पितळी ओळंबा, शिसवी गुण्या आणि कानामागे पेन्सिल, एवढ्यावर ते कुठलंही कुंपण उभं करत. पहिल्या गाडीतून पांढरे पोकळ पोस्ट, म्हणजे खांब, उतरले तेव्हा त्यांनी एकावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मला म्हणाले, "पाइप उभे करून कुंपण होतं होय रे?" तरी काम त्यांनी मन लावून केलं, आणि तिथेच चूक झाली. सुताराच्या सवयीनं प्रत्येक रेल, म्हणजे दोन पोस्टमधला आडवा दांडा, पोस्टच्या भोकात घट्ट बसेल अशी कापली, वर दोन्ही टोकांना स्क्रू मारले. केसाएवढी फट नाही. थंडीत काम संपलं तेव्हा पाहणारा थांबून पाहायचा.

उन्हाळा आला आणि रेली सापासारख्या वळल्या. दोन ठिकाणी स्क्रूपाशी चीर गेली.

लाकूड लांबीच्या दिशेनं तापमानानं जवळजवळ हलत नाही. कठीण पीव्हीसी मात्र १ अंश तापलं की मीटरमागे साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण २.४ मीटरची रेल घ्या, पहाटेचे १० अंश आणि भर उन्हात पृष्ठभागाचे ५० अंश धरा. जवळजवळ पावणेसात मिलिमीटर झाले. एवढ्या वाढीला जागा मिळाली नाही तर रेल फुगणारच. दादांना हे कळलं तेव्हा ते अर्धा दिवस कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रू काढले, सगळ्या रेली नव्यानं कापल्या, तेही आमच्या खर्चानं. दोन्ही टोकांना पोस्टच्या आत ६ मिलिमीटर मोकळी जागा सोडली आणि स्क्रूऐवजी नॉचरनं रेलीच्या टोकाला कान काढले. कान भोकाच्या आत अडकतात, रेल बाहेर निसटत नाही, पण आत-बाहेर सरकू शकते. हा नॉचर म्हणजे दिसायला मोठा चिमटा. आमच्याकडे आजही तोच आहे, फक्त मुठीवरचं रबर तीनदा बदललं.

त्या हिवाळ्यात काकूंनी एक गोष्ट केली. सकाळी सातला, फाटकाशेजारची रेल जिथे पोस्टमध्ये शिरते तिथे अगदी कडेला पेन्सिलनं उभी रेघ ओढली. उन्हाळ्यात मला दुपारी बोलावून घेतलं. रेघ दिसत नव्हती. "आत गेलीय," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी ये, बाहेर आलेली असेल." मी गेलो. होती. त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही तशी रेघ ओढून देतो. कागदी हमीपेक्षा लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो.

पुढची काही वर्षं बरी गेली. आता ज्या कामानं आम्हाला बुडवायचंच बाकी ठेवलं होतं, त्या कामाबद्दल.

एका गृहप्रकल्पाच्या कुंपणाचं काम होतं. १४० पोस्ट, १.८ मीटर उंची, मध्ये अजिबात फट नसलेले बंद पॅनल. नऊ महिने बोलणी चालली. जमीन एका बाजूला उतरती, म्हणून दादांनी दोरी आणि पाणनळी घेऊन पाच दिवस लेव्हल काढली. कुठे पॅनल पायरी-पायरीनं उतरवायचे आणि कुठे रेल तिरकी न्यायची, याचा प्रत्येक पोस्टाचा नकाशा स्वतःच्या हातानं केला. "काम तुमचंच," असं आम्हाला तीन वेळा सांगण्यात आलं. त्या शब्दावर आम्ही माल उचलला. लेखी काही नव्हतं. नवीन मुलांना मी आज पहिली गोष्ट हीच सांगतो: आगाऊ रक्कम हातात पडेपर्यंत पोस्टवरची एक कॅपसुद्धा, म्हणजे टोपीसुद्धा, मागवू नका.

काम दुसऱ्याला गेलं. त्याचं नाव घेत नाही. त्याचे पोस्ट वरून आमच्यासारखेच दिसत. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला असता तर कळलं असतं. आमच्या पोस्टची भिंत साडेतीन मिलिमीटर, त्याची दोनच्या आत. खालच्या रेलीत आम्ही ॲल्युमिनियमची पट्टी घालतो, नाहीतर पॅनलच्या वजनानं ती मधोमध झोल खाते. त्याच्या रेली रिकाम्या. आमचा पोस्ट २.७ मीटरचा, म्हणजे एक तृतीयांश, ९० सेंटिमीटर जमिनीत. त्याचा २.४ मीटरचा, ६० सेंटिमीटर जमिनीत. हे सगळं मी बोलणीच्या वेळी समोर मांडलं होतं. ऐकून घेतलं आणि स्वस्त निवडलं. ते एक वेळ सोडून देतो. धंद्यात असं होतं. पण काम सुरू झाल्यावर मी तिथून जात होतो, तेव्हा त्याच्या मुकादमाच्या हातात दादांचा नकाशा पाहिला. कोपऱ्यात दादांच्या पेन्सिलीतले उतारांचे बाण, चहाचा डाग, सगळं तेच. ते मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आमचे १४० पोस्ट आवारात पडून राहिले. पेट्रोलवर चालणारा ऑगर, म्हणजे खड्डे पाडायचं यंत्र, विकला, दोन माणसांना निरोप द्यावा लागला. पुन्हा पहार आणि फावड्यानं खड्डे खणायला लागलो. दादांनी वर्षभर हिशेबात स्वतःचा वाटा मांडलाच नाही. विचारलं की म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." त्याच काळात काकूंनी बोलावलं आणि मागच्या बाजूलाही कुंपण हवं असं सांगितलं. मागची बाजू झाडीनं झाकलेली होती, तिथे कुंपणाची घाई नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. मालाचे पैसे त्यांनी आधी दिले. आवारातले पहिले १९ पोस्ट त्यांच्याकडे लागले.

पुढे एका वादळात त्या प्रकल्पाची एक रांग कलली. बंद पॅनल म्हणजे शीडच. १.८ बाय २.४ मीटरच्या एका पॅनलवर ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात पावणेदोनशे किलोच्या वर ढकल बसते. ६० सेंटिमीटर खोल पोस्ट ती किती पेलणार? आम्हाला फोन आला, "जरा सरळ करून द्या." मी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, पोस्ट उपटून खोल बसवायचे असतील तर येतो, वरवर टेकू लावायला येणार नाही. त्यांनी दुसऱ्याकडून लोखंडी टेकू लावून घेतले. ते टेकू आजही तिथे आहेत. चूक झाली असं आम्हाला कुणी कधी म्हटलं नाही. दादांना तर कुणी फोनसुद्धा केला नाही.

विषय निघालाच आहे तर घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. या कुंपणाला रंग लागत नाही, वाळवी लागत नाही, कुजत नाही. म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही असं नसतं. वर्षातून एकदा मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि होजपाइप. सावलीच्या बाजूला हिरवी बुरशी धरली तर तीन भाग व्हिनेगर, सात भाग पाणी. तारेची घासणी चुकूनही नको. खालच्या रेलीला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजू देऊ नका. गवत कापायच्या दोरीच्या यंत्रानं पोस्टचं बूड तासलं जातं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त, म्हणून बुडाशी वीतभर खडी टाका. निखाऱ्याची शेगडी कुंपणाला टेकवून ठेवू नका. ८० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतं. समोरच्या घराला उष्णता परतवणारी दुहेरी काच असेल तर तिची तिरीप कुंपणावर कुठे पडते तेही पाहा. तेवढ्यानं पॅनल वाकलेले मी पाहिलेत. गडद रंग हवा असेल तर घ्या, पण तो जास्त तापतो आणि जास्त वाढतो, त्याला फट जास्त सोडायला सांगा. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड किती आहे ते विचारा, कारण ऊन तेच अडवतं. ते कमी असलं की माल उन्हानं लवकर खराब होतो. एएसटीएम एफ९६४ हे पीव्हीसी कुंपणाचं अमेरिकी मानक पाळलंय का, एवढा एक प्रश्न विचारलात तरी समोरच्याचा चेहरा बरंच सांगून जातो. आणि फाटकाचा पोस्ट कधीही पोकळ ठेवू नका. आत सळ्या घालून काँक्रीट भरा किंवा ॲल्युमिनियमचा गाभा घाला. फाटक लोंबलं की सगळं कुंपण लोंबल्यासारखं दिसतं.

दादा आता कामावर येत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. ओळंबा त्यांनी मला दिला, गुण्या मात्र स्वतःकडे ठेवलाय.

मागच्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला, फाटक आपोआप लागत नाही म्हणून. सकाळी साडेसातला पोचलो. बिजागरीतली स्प्रिंग दमली होती. शेजारच्या रेलीवर ती रेघ होती, पुसट झालेली, पोस्टच्या कडेला, जिथे होती तिथेच. काकूंनी घरातून पेन्सिल आणून ती पुन्हा गडद केली. मी स्प्रिंग बदलली, कडी दोन मिलिमीटर वर घेतली, फाटक तीनदा उघडून सोडलं. तिन्ही वेळा लागलं.