समोरच्याच्या चालीचा आनंद

आपल्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग शनिवारी शाळा सुटल्यानंतर बुद्धिबळाचा वर्ग होत असे, हे १९७० च्या आगेमागे शाळेत असलेल्या विद्यार्थ्यांना निश्चित आठवत असेल. चित्रकलेच्या सरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेले प्लायवूडचे सहा पट आणि लाकडी मोहऱ्यांचे संच कपाटाशेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले असत आणि ती ट्रंक उघडण्याचा मान त्या आठवड्यात ज्याने वही सर्वांत नीट लिहिली असेल त्याला मिळत असे. शाळेने मला पुढे अभियंता म्हणून उपयोगी पडलेले गणित दिले, भाषा दिली, शिस्त दिली. परंतु सेवानिवृत्तीनंतरच्या या वर्षांत रोज सकाळी ज्याच्या ओढीने मी घराबाहेर पडतो तो खेळही शाळेनेच दिला, म्हणून या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मला केवळ त्याविषयी लिहायचे आहे. माझ्या नावापुढे कोणताही किताब नाही आणि मोठ्या स्पर्धेतील विजेतेपदही नाही. हौशी खेळाडू एवढीच माझी ओळख आहे आणि ती मी मोठ्या प्रेमाने बाळगली आहे.

सांगलीत वाढलेल्या मुलाला बुद्धिबळ नवे नव्हतेच. आमच्या लहानपणी गावभागातील वाड्यांच्या ओसरीवर वडीलधारी मंडळी जुन्या देशी पद्धतीने खेळत आणि त्या खेळाचे नियम आंतरराष्ट्रीय नियमांहून बरेच निराळे होते. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवण्याची सोय, नव्हता; त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येत असे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ते घर मुळात ज्या मोहऱ्याचे असेल ते मोहरे मिळे. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सर्वांत मानाची. हाताशी वजीर असताना आणि तीन चालींत डाव संपत असताना आजोबांच्या वयाची माणसे प्यादेमातीसाठी अर्धा तास खपत, हे पाहून मला वाटे की या खेळात जिंकण्यापेक्षाही काहीतरी मोठे आहे. याच देशी पद्धतीत तयार झालेला पंजाबचा मीर सुलतान खान १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही त्याने ते विजेतेपद मिळवले आणि १९३०–३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने साक्षात माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सहा दशकांनी, २०२४ साली, जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर, म्हणजे या खेळातील सर्वोच्च, किताब दिला, ही बातमी वाचून मला फार बरे वाटले.

सरांचा वर्ग मात्र आंतरराष्ट्रीय नियमांचा होता. ते दोन गोष्टींच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. पहिली म्हणजे प्रत्येक चाल वहीत लिहायची. दुसरी म्हणजे डाव संपल्यावर उठायचे नाही. दोघांनी मिळून पट पहिल्यापासून मांडायचा, वहीवरून डाव पुन्हा खेळायचा आणि प्रत्येकाने समोरच्याची आपल्याला आवडलेली एक चाल बोट ठेवून दाखवायची. ‘तू छान खेळलास’ असे मोघम बोललेले त्यांना चालत नसे. कोणती चाल, ती का आवडली, ती आपल्याला आधी का दिसली नाही, हे सांगावे लागे. चौदा वर्षांच्या मुलाला, विशेषतः नुकत्याच हरलेल्या मुलाला, हे अवघड वाटावे हे स्वाभाविक आहे. तरी काही महिन्यांतच आमच्यात असा बदल झाला की डाव चालू असतानाच आम्ही समोरच्याच्या सुंदर चालीची वाट पाहू लागलो. डाव दोघांनी मिळून रचायचा असतो, ही दृष्टी मला त्या वर्गात मिळाली आणि हौशी खेळाडूच्या आयुष्यभराच्या आनंदाचे मूळ त्या दृष्टीत आहे असे माझे ठाम मत आहे. कारण ज्याला केवळ स्वतःच्या विजयातच आनंद वाटतो त्याला हा खेळ फार थोडे देतो, आणि ज्याला दोन्ही बाजूंच्या चाली आवडतात त्याला प्रत्येक डाव काहीतरी देऊन जातो.

१९७२ चे वर्ष दुष्काळाचे होते. त्या जुलैमध्ये आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविक येथे, बोरिस स्पास्की आणि बॉबी फिशर यांचा जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला आणि वर्तमानपत्रांतून येणाऱ्या चालींची कात्रणे वर्गाच्या फळ्याशेजारी लागू लागली. इंग्रजी वर्तमानपत्रातील चाली त्या काळच्या वर्णनात्मक पद्धतीने छापलेल्या असत, ‘पी-के४’ अशा, म्हणजे राजापुढचे प्यादे चौथ्या घरात. सर त्या घरांच्या अक्षर-अंकांत (उभ्या पट्ट्यांना ए ते एच, आडव्या ओळींना १ ते ८) बदलून फळ्यावर लिहीत, त्यामुळे जागतिक संघटनेने १९८१ साली केवळ हीच पद्धत अधिकृत ठरवली तेव्हा मला नवे काहीच शिकावे लागले नाही. फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही, आणि तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळला गेला. तो त्याने जिंकला. परंतु सरांनी आमच्याकडून पुन्हा पुन्हा खेळवून घेतला तो सहावा डाव. राजापुढील प्याद्यानेच डाव सुरू करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या फिशरने त्या दिवशी सी-पट्टीतील प्यादे पुढे केले, डाव वजिराच्या गँबिट या जुन्या, प्रसिद्ध सुरुवातीत गेला आणि त्याने तो इतका निर्दोष खेळला की डाव संपल्यावर प्रेक्षकांबरोबर स्वतः स्पास्कीही टाळ्या वाजवू लागला. जगज्जेता आपल्याच पराभवाला टाळ्या वाजवतो, ही बातमी वाचून दाखवताना सरांचा आवाज किंचित बदलला होता. आम्हाला शनिवारी जे शिकवले जात होते तेच तिथे, त्या उंचीवर, घडले होते. फिशरने तो सामना साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जिंकला. तरी आमच्या वर्गातील बहुतेक मुले स्पास्कीची झाली होती आणि मी आजही स्पास्कीच्याच बाजूचा आहे.

त्याच वर्षी सरांनी एकदा पटावर केवळ चार मोहरी मांडली. नामवंत खेळाडू रिचर्ड रेटी यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेली ती रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी कृपया घरचा पट काढून ती मांडून पाहावी. पांढरा राजा एच ८ वर, पांढरे प्यादे सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, काळे प्यादे एच ५ वर. चाल पांढऱ्याची आणि त्याने बरोबरी करायची. प्रथमदर्शनी हे अशक्य दिसते. काळे प्यादे चार चालींत वजीर होणार आहे आणि सरळ त्याच्यामागे धावणारा पांढरा राजा त्याला कधीच गाठू शकत नाही. उलट पांढरे प्यादे काळ्या राजाच्या अगदी हाताशी आहे. वर्गातील प्रत्येकाने राजाला सरळ खाली पळवले आणि प्रत्येकाचे प्रयत्न फसले. मग सरांनी राजा तिरका चालवला: जी ७, एफ ६, ई ५. आता तो एकाच वेळी दोन कामे करत होता. काळ्याने आपले प्यादे पुढेच रेटले तर राजा डी ६ वर येऊन स्वतःच्या प्याद्याला आधार देतो आणि दोघांचेही वजीर होतात; काळ्याने थांबून पांढरे प्यादे मारले तर तेवढ्या अवधीत राजा एफ ४ वरून वळून काळ्या प्याद्याला गाठतो. दोन निरनिराळी, एकेकटी अशक्य असलेली उद्दिष्टे एकत्र केल्यावर शक्य झाली होती.

त्या दिवशी गणिताच्या बाईंना मुद्दाम बोलावून आणले गेले होते. कागदावर कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, परंतु बुद्धिबळाच्या पटावर राजाला एच ८ वरून सरळ एच ५ पर्यंत जायला तीन चाली लागतात आणि तिरके ई ५ पर्यंत जायलाही तीनच लागतात, हे त्यांनी फळ्यावर चौकोन काढून दाखवले. रेटी यांच्या रचनेचे सारे सौंदर्य या एका गोष्टीवर उभे आहे. भूमितीच्या पुस्तकात न बसणारी एक भूमिती या चौसष्ट घरांत सुखाने नांदते आहे, हे कळल्याचा तो आनंद आजही तितकाच ताजा आहे, आणि नातवंडांच्या वयाच्या मुलांना ही रचना मांडून दाखवताना त्यांच्या डोळ्यांत तो उमटलेला पाहणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरस्कार आहे.

शाळेबाहेर आम्हाला नूतन बुद्धिबळ मंडळाचा आधार होता. १९४१ साली स्थापन झालेल्या या मंडळासाठी भाऊसाहेब पडसलगीकर यांनी आयुष्य वेचले, आणि सांगलीच्या बुद्धिबळाविषयी लिहिताना त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. भाग्यश्री साठे आणि पुढे स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्या. भाग्यश्रीताईंनी तर पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. महाराष्ट्रातील मुलींनी या खेळात जे करून दाखवले त्याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाने बाळगावा. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी १९७६ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. आपल्या शाळेतही त्यानंतर शनिवारच्या वर्गात मुलींची संख्या वाढत गेली, असे मला धाकट्या बहिणीकडून समजत असे.

वालचंद महाविद्यालयातून पदवी घेऊन मी पाटबंधारे खात्यात रुजू झालो आणि नोकरीचा मोठा काळ धरणांच्या वसाहतींत गेला. वारणेच्या कामावर चांदोलीला असताना समोर बसणारा जोडीदार मिळणे दुर्मीळ असे, म्हणून मी पोस्टकार्डावर डाव खेळू लागलो. एका कार्डावर एक चाल. उत्तर यायला आठवडा, पावसाळ्यात त्याहून अधिक. असा एक डाव वर्षभरही चालत असे. अमरावतीचे एक निवृत्त शिक्षक माझे दीर्घकाळचे प्रतिस्पर्धी होते. ‘आपण घोडा मारल्यास मी उंटाने मारीन, आणि त्यावर आपण शह दिल्यास राजा जी ८ वर जाईल’ अशा जर-तरच्या चाली ते एकाच कार्डावर बारीक अक्षरांत लिहीत, त्यामुळे टपालाचे कित्येक आठवडे वाचत. कार्डाच्या उरलेल्या कोपऱ्यात त्यांच्याकडच्या कापसाची आणि माझ्याकडच्या पावसाची बातमी असे. डाव संपल्यावर मी सरांच्या शिकवणीप्रमाणे त्यांची मला आवडलेली चाल कळवत असे आणि तेही तसेच करत. घड्याळाच्या टिकटिकीशिवाय, एका चालीवर तीन-तीन संध्याकाळ विचार करत खेळण्याचे ते सुख मला पुढे कोणत्याही प्रकारच्या खेळात मिळाले नाही.

आता सांगलीत परतल्यावर आम्ही काही समवयस्क सकाळी आमराईत जमतो. फिरणे होते, मग दोन पट मांडले जातात. तरुण मुले खिशातील फोनवर संगणकाचे मत विचारतात; १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवले त्यानंतर यंत्राच्या बळाविषयी वाद उरलेला नाही आणि मला त्या यंत्राविषयी आदरच आहे. परंतु यंत्र सर्वोत्तम चाल सांगते. समोरच्या माणसाला ती दुसरी चाल का मोहक वाटली, तो तिच्यामागे कोणते स्वप्न पाहत होता, हे त्यालाच विचारावे लागते. म्हणून आमच्याकडे आधी दोघांचे बोलणे पूर्ण होते आणि मगच फोन बाहेर निघतो.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला चौदाव्या डावात डी. गुकेशने तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले, तो क्षण आम्ही सर्वांनी एकत्र पाहिला. डिंगने हत्ती एफ २ वर नेला, हत्तींची मारामारी झाली आणि त्यानंतर उंटांचीही अदलाबदल होऊन केवळ राजा-प्याद्यांचा डाव उरणार, तो काळ्याने जिंकलेला, हे हळूहळू आमच्याही ध्यानात आले. त्याहून अधिक लक्षात राहिले ते पुढचे. डोळ्यांतून अश्रू वाहत असताना त्या मुलाने पटावरची सारी मोहरी पुन्हा आपापल्या घरांत नीट मांडली. पुढच्याच जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद डावांत, हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानेच ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमराईत पेढे वाटले गेले.

महोत्सवाच्या कार्यक्रमात आजी आणि माजी विद्यार्थ्यांचा बुद्धिबळ सामना घ्यावा, ही विनंती मुख्याध्यापकांनी मान्य केली आहे, त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. सामना चित्रकलेच्या वर्गातच होईल आणि प्रत्येक डावानंतर दोघांनी बसून तो पुन्हा खेळण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवलेला आहे. सरांचे सहा पट आता पुरणार नाहीत, कारण आठवीच्या एकाच तुकडीतून नावे भराभर येत आहेत. तेव्हा ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी पट, मोहऱ्यांचे संच किंवा चालू स्थितीतील घड्याळे असतील त्यांनी ती सामन्याच्या आदल्या शनिवारपर्यंत शाळेच्या कार्यालयात आणून द्यावीत. एखाद-दुसरे प्यादे हरवलेले असले तरी हरकत नाही, आमच्याकडे जादा प्यादी आहेत.