बादली घेऊन या, सर

"सर, जरा दारातच थांबा. टाकी उकळतेय."

नाशिकच्या गंगापूर धरणाजवळची एक वायनरी. टाकीत द्राक्षांचा रस आंबत होता, त्यालाच ते 'उकळणं' म्हणतात. टाकीवरून आलेल्या नळीचं टोक पाण्याच्या बादलीत, आणि त्यातून अखंड बुडबुड. हा गॅस जातो कुठे, मी विचारलं.

"जाणार कुठे? हवेपेक्षा जड, खाली बसतो. पंखा लावून हाकलतो बाहेर," टाकी सांभाळणारे काका म्हणाले.

हाकलतो! आणि मी इतकी वर्षं हाच कार्बन डायऑक्साइड पकडायला गॅस गाळणारे पॉलिमरचे पातळ पडदे बनवतोय. कोळशाच्या चिमणीतल्या धुरात तो जेमतेम १२ ते १४ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. पडदा काटेकोर निवडणारा केला की गॅस हळू जातो, वेग वाढवला की निवड बिघडते. या ओढाताणीत माझे दोन विद्यार्थी पीएचडी करताहेत (बिचारे).

इथे तो जवळजवळ शुद्ध. १८० ग्रॅम द्राक्षसाखरेतून ९२ ग्रॅम अल्कोहोल, ८८ ग्रॅम हा वायू.

काका म्हणाले, "मग धुराच्या मागे कशाला लागलात? इकडेच या की बादली घेऊन."

उत्तर सुचलं ते परतताना गंगापूर रोडच्या सिग्नलला. द्राक्षांनी तो हवेतूनच घेतलेला, शिवाय हंगाम काही आठवड्यांचा. एकलहऱ्याचं वीज केंद्र जमिनीतला कोळसा जाळतं, म्हणजे हवेत नवी भर.

उत्तर बरोबर आहे. तरी ती बादली डोक्यातून जात नाही. सोडावॉटरवाल्यांना हाच गॅस विकत घ्यावा लागतो ना? आपल्याकडच्या वायनऱ्यांनी मिळून तो भरून ठेवला तर? कुणी हिशेब मांडलाय का?