90 सेकंदांचा कांदा

नववीच्या भूगोलात आंतरराष्ट्रीय वाररेषेचा पाठ संपतो आणि आठव्या पाठात एकदम अर्थशास्त्र सुरू होतं. मी भूगोलाचा माणूस. हा पाठ दोन तासिकांत उरकायचो: कौटिल्य, अ‍ॅडम स्मिथ 1776, रॉबिन्सची 1932 ची व्याख्या, म्हणजे अमर्याद गरजा, मर्यादित साधनं. पोरं व्याख्या धडाधडा म्हणायची, मीही खूश.

डिसेंबर 2023 मध्ये पाठाआधी सहज विचारलं, अर्थशास्त्रात काय काय येतं? "बँक." "शेअर मार्केट." एक जण म्हणाला, "श्रीमंत कसं व्हायचं ते." आमची शाळा निफाड तालुक्यातली. 8 डिसेंबरपासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली होती, लिलाव बंद पडले होते, घरोघरी तीच चर्चा. पण बाप रात्री जेवताना बोलतो ते अर्थशास्त्र, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

वर्गात स्मार्ट टीव्ही आहे. आधी तयार व्हिडिओ शोधले. बरेचसे पिझ्झा आणि लेमनेडच्या स्टॉलवरचे. एक हिंदी डबिंग केलेला लावला, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ती पोरगी शाळा बुडवून सरबत विकती का?" तो दिवस तिथंच संपला.

मग स्वतः बनवायचं ठरवलं. पहिला व्हिडिओ नऊ मिनिटांचा: फळ्यासमोर मी, आणि मीच. फोन उभा धरलेला, त्यामुळे टीव्हीवर मधोमध एक पट्टी आणि तीत माझं अर्धं डोकं. दुसरा शेतात काढला, त्यात नुसता वारा ऐकू येतो. ऑनलाइन कॉलर माईक मागवला, फोन आडवा धरायला शिकलो. तिसऱ्या वेळी एक नियम केला: एका व्हिडिओत एकच प्रश्न, 90 सेकंदांच्या आत, आणि उत्तर द्यायचं नाही. हा शेवटचा भाग मला सर्वांत जड गेला. मास्तराला उत्तर पोटात ठेवता येत नाही.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांना विचारून त्यांच्या कांदा साठवायच्या चाळीत गेलो. तळाशी थोडा उन्हाळ कांदा उरलेला, ते सडका बाजूला काढत होते. हात न थांबवता म्हणाले, "दिवाळीच्या आधी भाव होता. म्हटलं अजून वाढंल. वजन घटलं, सड निघाली, आन् आता ही बंदी." तिथंच व्हिडिओ कापला. पडद्यावर प्रश्न: तुम्ही काय केलं असतं?

अख्खी तासिका भांडणात गेली. कुणी वहीत हिशेब मांडला: घट किती, मजुरी किती, पैसे आधी हातात आले असते तर सोसायटीच्या कर्जाचं व्याज किती वाचलं असतं. सोडून दिलेल्या पर्यायाचीही किंमत असते, हे मला फळ्यावर लिहावं लागलं नाही. लाल कांदा टिकत नाही, तो निघाला की विकावाच लागतो, म्हणून त्याला थांबायची सोयच नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं.

मग एक मुलगी उभी राहिली. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाते. "सर, भाव पडला की आमच्या घरी बरं असतं." वर्ग गप्प. बागायतदारांच्या पोरांना ते आवडलं नाही, दिसत होतं. पण निर्यातबंदी ज्या कारणासाठी होते, म्हणजे विकत घेणाऱ्याला कांदा स्वस्त मिळावा, ते कारण वर्गातच बसलं होतं.

पुढचा व्हिडिओ तिनंच काढला. चेहरा दाखवायचा नाही, एवढंच मी सांगितलं होतं. आठवडे बाजारात 500 रुपये, आईचे हात आणि पिशवी. तेल घेतलं, डाळ अर्धा किलोच, वांगी भाव विचारून परत ठेवली. 80 सेकंद, एक शब्द नाही. तो संपल्यावर मी पुस्तक उघडलं आणि रॉबिन्सची व्याख्या वाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मलाही नीट कळल्यासारखी वाटली.

सगळेच जमले असं नाही. घरपट्टीचे पैसे जातात कुठे, हा व्हिडिओ पार फसला. गावातल्या पुढाऱ्यानं कॅमेरा बघून भाषणच ठोकलं. आणि मध्येच वीज गेली की टीव्ही बंद, मग फोन हातोहात फिरवायचा.

मे 2024 मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली. पुढच्या वर्षीच्या नववीतल्या एकाचे मामा कांद्याचा कंटेनर न्हावा शेवा बंदराला नेतात. नवव्या, म्हणजे व्यापाराच्या पाठासाठी, त्यांच्या क्लीनरनं केबिनमधून शूटिंग करून पाठवलं: कसारा घाटातलं 14 मिनिटांचं धुकं, मागे भजनाची कॅसेट, आणि बंदराच्या अलीकडं बॅटरी संपली. रविवारी दोन पोरं घेऊन त्यातलं काय वापरता येईल ते बघायला बसणार आहे.