मॅगव्हीलचा रंग सोपा असतो, खरं काम त्याच्या खाली असतं

माझ्या होंडा सिटीची चारही मॅगव्हील (म्हणजे अलॉय व्हील) पावडर कोट करून घेतली, म्हणजे कोरडी रंगाची पावडर मारून भट्टीत पक्की केली, आणि फोटो टाकल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, कलर कोड काय. सांगतो, आरएएल 7016, अँथ्रासाइट ग्रे, वरून सॅटिन क्लिअर, म्हणजे मंद चमकेचा पारदर्शक थर. पण रंग हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, शेड कार्डवर बोट ठेवलं की झालं. मला लिहायचंय ते रंगाच्या खाली काय केलं जातं आणि व्हीलवर कुठे कुठे पावडर अजिबात लागता कामा नये त्याबद्दल, कारण तिथे गडबड झाली तर प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही, चालत्या गाडीचे नट ढिले होतात.

माझी व्हील्स जुनी जपानी कास्ट आहेत, 15 इंची, 4x100 पीसीडी (100 मिलिमीटरच्या वर्तुळावर चार नट). स्पोकच्या मागच्या बाजूला साइज, ऑफसेट आणि जेडब्ल्यूएल, व्हीआयए अशा उठावाच्या खुणा आहेत (जेडब्ल्यूएल म्हणजे जपानचं अलॉय व्हीलचं सेफ्टी स्टँडर्ड, व्हीआयए म्हणजे ते तपासणाऱ्या तिथल्या संस्थेची खूण). पुण्याचे खड्डे, फुटपाथला घासलेल्या कडा, आणि वर कोकणातल्या फेऱ्या. खडी उडून क्लिअर कोटला टवका गेला की तिथून दमट खारी हवा आत शिरते आणि क्लिअरच्या खाली पांढऱ्या किड्यांसारख्या रेषा पसरत जातात. ते कितीही पॉलिश मारा जात नाही, कारण गंज क्लिअरच्या खाली असतो, वर नसतो. असं झालं की टच-अपच्या फंदात पडू नका, पूर्ण रंग उतरवूनच काम करायला लागतं.

आता दुकान कसं शोधायचं. भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले गल्लोगल्ली आहेत (गुरुवारी जाऊ नका, सुट्टी असते), पण बहुतेकांचं रोजचं काम म्हणजे गेट, ग्रिल, इलेक्ट्रिकल पॅनलचे डबे. ते सगळं लोखंड. त्यांची सेव्हन टँक लाइन (रंगाआधी वस्तू एकामागून एक टाक्यांत बुडवून साफ करणं), फॉस्फेटिंग वगैरे लोखंडासाठी सेट केलेली असते. अॅल्युमिनियमला वेगळं केमिकल लागतं, क्रोमेटिंग किंवा क्रोम-फ्री कन्व्हर्जन कोटिंग (पावडर धरून ठेवणारा पातळ रासायनिक थर), नाहीतर पावडर वरवर छान दिसते आणि काही पावसाळ्यांनी पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, अॅल्युमिनियमला रंगाआधी प्रीट्रीटमेंट काय करता? समोरचा गोंधळला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

दुसरा प्रश्न, जुना रंग कसा काढता? यात मी अजिबात तडजोड करत नाही. काही ठिकाणी वस्तू बर्न-ऑफ ओव्हनमध्ये टाकतात, तिथे तापमान 400 डिग्रीच्या आसपास जातं आणि जुना रंग जळून जातो. लोखंडी हुक आणि हँगरसाठी ते ठीक आहे. पण कास्ट मॅगव्हील साधारणपणे ए356 अलॉयचं असतं आणि त्याला टी6 हीट ट्रीटमेंट दिलेली असते, म्हणजे 540 च्या आसपास तापवून, पाण्यात विझवून, मग पुन्हा कमी तापमानाला काही तास ठेवून त्याची ताकद आणलेली असते. ते 400 ला भाजलं की ती ताकद गेली, व्हील दिसायला तसंच पण आतून मऊ पडलेलं, आणि हे बाहेरून कुणालाच कळणार नाही. त्यामुळे केमिकल स्ट्रिपर आणि त्यानंतर हलकं ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून साफ करणं), बस. ब्लास्टिंगलाही स्टीलचे शॉट किंवा ग्रिट नको, लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच पुढे गंज धरतो. गार्नेट, ग्लास बीड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड चालतं. मी आधी त्या मागच्या खुणांचे फोटो काढून ठेवले होते आणि ब्लास्टिंगनंतर ताडून बघितले, अक्षरांच्या कडा पहिल्यासारख्याच धारदार होत्या. कडा बोथट दिसल्या असत्या तर जास्त मारा झालाय हे लगेच कळलं असतं.

व्हील उघडं पडलं की तेव्हाच क्रॅक बघून घ्या, नंतर सगळं झाकलं जातं. डाय पेनिट्रंट टेस्ट करतात, लाल डाय मारायची, पुसायची, पांढरा डेव्हलपर मारायचा, क्रॅक असेल तर लाल रेघ वर येते. आतल्या बॅरलच्या कडेला आणि स्पोक रिमला मिळतो तिथे नीट बघायचं. स्पोकला किंवा हबजवळ क्रॅक निघाली तर वेल्डिंग करून वापरू नका, व्हील बदला, पैशाचं तोंड बघू नका.

आता मास्किंग, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मी ज्या दुकानात दिलं तिथले काका बूथवर (पावडर मारायच्या केबिनमध्ये) बरीच वर्षं आहेत. त्यांनी व्हील टेबलावर पालथं ठेवलं आणि आधी हबला टेकणारी सपाट जागा हिरव्या हाय-टेम्प टेपने झाकली, टेपची कड नखाने दाबत दाबत गोल फिरवली. मग हबच्या मधल्या भोकात सिलिकॉनचा मोठा प्लग. मग व्हील सुलटं करून नटच्या चारही भोकांत निमुळते प्लग, प्रत्येक प्लग बसवून थोडा पिळायचा आणि बोटाने कड चाचपायची. मी विचारलं, काका, एवढं कशाला, नंतर खरवडून काढता येत नाही का? म्हणाले, "खरवडाल हो, पण सीटला खाचा पडतील त्याचं काय? नट बसतो ती जागा कोरी पाहिजे. पावडर दबते, नट ढिला होतो."

अगदी खरंय. एका कोटची जाडी 60 ते 80 मायक्रॉन, कलर आणि क्लिअर मिळून दीडशेपर्यंत जाते. नटच्या दाबाखाली आणि ब्रेकच्या उष्णतेने तो थर दबत जातो, आणि थर दबला की टॉर्क, म्हणजे नट आवळल्याचा जोर, गेला. माझ्या ओळखीच्या एकाची व्हील्स एका दुकानातून नटच्या सीटसकट चकाचक रंगवून आली होती, दिसायला काय सुंदर, आणि थोडं चालवल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं, बघतो तर नट हाताने फिरतायत! नशीब की हायवेवर काही झालं नाही. त्यामुळे डिलिव्हरी घेताना पुढून रंग बघण्याआधी व्हील पालथं करा आणि हब फेस, मधलं भोक, नटच्या सीट बघा, तिथे कोरं अॅल्युमिनियम दिसलं पाहिजे.

पुढचं बूथमधलं काम बघायला मजा येते. कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं असतात, त्यात अडकलेली हवा आणि तेल भट्टीत बाहेर पडतं आणि रंगाला पिनहोल पडतात, म्हणून पावडर मारायच्या आधी नुसतं व्हील एकदा बेक करून घेतात. गन पावडरला हजारो व्होल्टचा चार्ज देते आणि अर्थ केलेल्या व्हीलकडे पावडर ओढली जाते, पण दोन स्पोकच्या मधल्या खोल कोपऱ्यात ती जायलाच तयार नसते, कडांवरच चिकटते. काकांनी आधी व्होल्टेज कमी करून कोपरे भरले आणि बाकीचा पुढचा भाग नंतर घेतला. घाई करणारा आधी समोरचा भाग मारतो आणि कोपरे पातळ राहतात. बेकिंग साधारण 180 ते 200 डिग्री, पण दहा-पंधरा मिनिटं मोजायची ती धातू तेवढा तापल्यावर, ओव्हनचा काटा तिथे पोचल्यावर नाही. हबचा भाग जाड असतो, तो तापायला वेळ लागतो. आणि पावडर पॉलिएस्टरच घ्या, एपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते.

डायमंड कट व्हीलवाल्यांसाठी एवढंच, पावडर केली की ती चकाकणारी लेथची फिनिश जाते. ती हवी असेल तर सीएनसी लेथवर पुन्हा कट करून घ्यावी लागते, आणि दर वेळी थोडा धातू कमी होतो, त्यामुळे हे वारंवार करता येत नाही.

बसवताना टायरवाल्याला सांगून ठेवा, बॅलन्सिंगला क्लिपवाली वजनं नको, आतून चिकटवायची वजनं लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी कडेचा रंग उडतो. वॉल्व्ह नवे टाका. होंडावाल्यांनी अजून एक बघा, कंपनीचे नट गोल सीटचे असतात आणि बाहेरची व्हील्स बहुतेक निमुळत्या सीटची, चुकीचा नट टाकला तर मास्किंग कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. माझ्या गाडीला टॉर्क 108 न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच, इम्पॅक्ट गनने नाही, आणि 50-100 किलोमीटरनंतर परत एकदा चेक. धुताना ते अॅसिडवालं व्हील क्लीनर वापरू देऊ नका, वॉशिंग सेंटरवाले न विचारता मारतात. साधा शाम्पू, मऊ स्पंज, आणि व्हील गार असताना.